केंद्रके निळी का होत नाहीत? हिमॅटॉक्सिलिनची पार्श्वभूमी

सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ऊतीचा पातळ काप दोन रंगांनी रंगवतात: हिमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रके निळी करतं, इओसिन बाकीचा भाग गुलाबी. अशा हिमॅटॉक्सिलिन-इओसिन केलेल्या स्लाइडमध्ये केंद्रके निळ्याऐवजी तांबूस दिसली की पहिला संशय हिमॅटॉक्सिलिनच्या बाटलीवर जातो. नवी बाटली उघडली जाते आणि कित्येकदा दोष तसाच राहतो. हा रंग ऊतीला धरतो कसा आणि निळा होतो कशाने, हे त्याच्या इतिहासातून नीट उलगडतं.

मेक्सिकोतल्या कॅम्पेची भागात उगवणाऱ्या झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून हा रंग निघतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश व्यापाऱ्यांनी तो युरोपात नेला. इंग्लंडने १५८१ मध्ये त्यावर बंदी घातली, कारण कापडावर तो टिकत नव्हता. १६६२ मध्ये बंदी उठली, तोवर धातूंचे क्षार वापरून तो पक्का कसा करायचा हे रंगाऱ्यांना कळलं होतं. तरीही १८६३ मध्ये वाल्डेयर यांनी ऊतींवर नुसता लाकडाचा अर्क वापरून पाहिला आणि हाती फारसं काही लागलं नाही. १८६५ मध्ये बोमर यांनी त्यात तुरटी घातली, आणि केंद्रके स्पष्ट उठून दिसली. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने रंगाला आणि दुसऱ्या बाजूने केंद्रकातल्या न्यूक्लिइक आम्लांना धरतं. तुरटी कमी पडली, तर कितीही वेळ स्लाइड बुडवून ठेवा, रंग फिकाच राहतो.

दुसरी अडचण ऑक्सिडीकरणाची. हिमॅटॉक्सिलिन स्वतः रंगवत नाही. ऑक्सिडीकरण होऊन तयार होणारं हिमॅटेइन रंगवतं. एर्लिख यांच्या १८८६ च्या कृतीत द्रावण उन्हात, हवेत दोनेक महिने मुरवावं लागे. हॅरिस यांनी १९०० मध्ये मर्क्युरिक ऑक्साइड घालून हे काम काही मिनिटांवर आणलं. पारा विषारी असल्याने आता बहुतेक ठिकाणी त्याऐवजी सोडियम आयोडेट वापरतात. मायर यांच्या कृतीत १ लिटर पाण्याला हिमॅटॉक्सिलिन १ ग्रॅम, तुरटी ५० ग्रॅम आणि सोडियम आयोडेट फक्त ०.२ ग्रॅम, शिवाय सायट्रिक आम्ल १ ग्रॅम आणि क्लोरल हायड्रेट ५० ग्रॅम असतं. आयोडेट अंदाजाने टाकू नये. ते जास्त झालं की ऑक्सिडीकरण हिमॅटेइनच्या पुढे जातं आणि द्रावण तपकिरी, निकामी होतं. जुनं द्रावणही हवेने हळूहळू त्याच वाटेने जातं.

बाटली खरंच संपली आहे का, हे पाहायला नळाचं पाणी पुरतं. पेल्यातल्या पाण्यात रंगाचे काही थेंब सोडा. लगेच निळं-जांभळं झालं तर रंग चांगला आहे. लालसर किंवा तपकिरीच रेंगाळला तर बदला. मात्र ही चाचणी पाणी किंचित अल्कधर्मी असेल तरच खरी.

कारण निळेपणा येतो तो पाण्यामुळे. आम्लधर्मी द्रावणात ॲल्युमिनियम-हिमॅटेइन लाल असतं आणि पीएच ७ च्या वर गेला की निळं होतं. म्हणूनच नळाच्या पाण्यात धुण्याची रीत पडली. जिथे पाणी मृदू किंवा आम्लधर्मी असतं, तिथे दहा मिनिटं धुऊनही केंद्रके तांबूसच राहतात. अशा वेळी स्कॉटचं द्रावण करा: १ लिटर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम. एक-दोन मिनिटं पुरतात.

पण लगेच इओसिनमध्ये बुडवू नका. १८७६ मध्ये विसोझ्की यांनी हे दोन रंग एकत्र आणले, तेव्हापासून ही जोडी एकमेकींशी भांडते आहे. इओसिनला पीएच ४.६ ते ५ च्या आसपास हवा असतो. स्कॉटचं द्रावण स्लाइडबरोबर पुढे गेलं की इओसिनचा पीएच चढतो आणि गुलाबी रंग फिकट पडतो. मध्ये वाहत्या पाण्यात नीट धुवा. तरीही फिकं आलं तर इओसिनच्या १०० मिलिलिटरला ग्लेशियल ॲसिटिक आम्लाचे काही थेंब घाला. त्यानंतरच्या कमी टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये स्लाइड रेंगाळू देऊ नका, तिथे इओसिन धुऊन जातं.

हॅरिसच्या द्रावणावर धातूसारखी चमकणारी साय धरते. ती सेक्शनवर, म्हणजे ऊतीच्या कापावर, बसली की निळे-काळे कण दिसतात. रोज वापरण्याआधी गाळणं हा एकच उपाय.

तपकिरी-काळे कण रक्ताळलेल्या भागातच असतील, तर ते हिमॅटॉक्सिलिनचे नव्हेत. ब्लूम यांनी १८९३ मध्ये ऊती कुजू नये म्हणून फॉर्मेलिन वापरात आणलं, त्याची ही देणगी. फॉर्मेलिन आम्लधर्मी झालं की रक्तातल्या हिमोग्लोबिनपासून हे रंगद्रव्य तयार होतं. संपृक्त अल्कोहोली पिक्रिक आम्लात सेक्शन ठेवून ते काढता येतं, पण मूळ इलाज बफरचा, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांचा आहे: फॉर्मेलिन १०० मिलिलिटर, पाणी ९०० मिलिलिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. ऊतीच्या किमान दहापट द्रावण घ्या आणि तुकडे ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड ठेवू नका.

हाडाच्या तुकड्यांचा प्रश्न वेगळा. काप घेता यावेत म्हणून ते आधी आम्लात मऊ करतात. तीव्र आम्लात ते गरजेपेक्षा जास्त राहिले, तर केंद्रकातली न्यूक्लिइक आम्लंच नष्ट होतात. मग ॲल्युमिनियमला धरायला काही उरत नाही आणि कोणतंही ताजं हिमॅटॉक्सिलिन ती केंद्रके परत दाखवू शकत नाही.