चोविसावा आठवडा नेमका कधी भरतो?

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"गौरी जेवल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मग डॉक्टरीणबाई भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं मागे उलटतात, एका चौकोनावर बोट ठेवतात आणि केसपेपरवर आठवडे लिहितात. गर्भपातावर आपल्याकडे वाद होतात ते आईचा हक्क मोठा की गर्भाचा, यावर. कायद्याचा डोलारा मात्र उभा आहे या केसपेपरवरच्या आकड्यावर, आणि तो आकडा वाटतो तितका पक्का नसतो.

मुळात मोजणीच गमतीची. गर्भ राहतो पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, पण मोजायला सुरुवात होते पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ कधी राहिला हे कुणाला दिसत नाही, पाळी दिसते, एवढंच त्यामागचं कारण. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नसतोच! '२४ आठवड्यांचा' गर्भ प्रत्यक्षात २२ आठवड्यांचा असतो.

तारीख आठवत नसेल तर सोनोग्राफी. पहिल्या तीन महिन्यांत पडद्यावर गर्भाच्या डोक्याच्या टोकापासून ढुंगणापर्यंत लांबी मोजतात. या काळात सगळे गर्भ जवळपास एकाच वेगाने वाढतात, त्यामुळे अंदाज फार तर पाच-सात दिवसांनी चुकतो. पुढे आईचं खाणंपिणं, आजारपण, घराण्याची चण यांचा परिणाम दिसू लागतो. मग डोक्याचा घेर आणि मांडीचं हाड मोजून सांगितलेलं वय दहा-चौदा दिवस इकडेतिकडे होऊ शकतं. कायद्याची रेघ जवळ येते तसतशी आपली मोजपट्टी ढिली होत जाते.

ही रेघ आखली कुणी? महाराष्ट्रातले मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला आणि १९७१ मध्ये कायदा झाला. मर्यादा होती २० आठवडे. तेव्हा आपल्याकडे सोनोग्राफी रुळलेली नव्हती. आज गर्भातले दोष शोधणारी मुख्य तपासणी होते १८ ते २० आठवड्यांदरम्यान, आणि हृदयाचे काही दोष तर त्याही नंतर कळतात. २००८ मध्ये मुंबईतलं एक दांपत्य याच कारणाने उच्च न्यायालयात गेलं होतं. गर्भाच्या हृदयातला दोष कळेपर्यंत मर्यादा उलटली होती. परवानगी मिळाली नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने काही ठरावीक स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे केली. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. (गर्भपात कायद्याने चालतो, गर्भलिंगनिदान चालत नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत, तरी लोक त्यांची सरमिसळ करतातच.)

चोवीसच्या आसपास फुप्फुसांत एक महत्त्वाची गोष्ट घडू लागते. हवेच्या फुग्यांना आतून चिकटू न देणारा साबणासारखा पदार्थ तयार होऊ लागतो. त्याच्याशिवाय श्वास टिकत नाही. पण इतक्या लवकर जन्मलेलं बाळ जगेल का, हे व्हेंटिलेटर आणि शिकलेल्या नर्सवरही अवलंबून असतं. मोठ्या शहरातला चोविसावा आठवडा आणि तालुक्याच्या गावातला चोविसावा आठवडा एक नव्हे. म्हणून 'बाहेर जगू शकेल तो जीव' ही कसोटी मला निसर्गाची कमी आणि यंत्रांची जास्त वाटते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेलं प्रकरण पाहा. दोन मुलांची आई, धाकटं अंगावर पीत होतं. पाजणाऱ्या आईची पाळी बरेचदा बंद असते, त्यामुळे दिवस गेलेले तिला कळलेच नाहीत. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराची औषधंही चालू होती. दोन महिला न्यायमूर्तींनी आधी गर्भपाताची परवानगी दिली. मग दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरने विचारलं: बाळ जिवंत बाहेर येण्याची शक्यता आहे, मग आधी हृदय थांबवायचं का? त्या प्रश्नावर त्याच दोघींची मतं फुटली. अखेर तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली. आईच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता, गर्भात व्यंग नव्हतं आणि चोवीसची रेघ ओलांडली गेली होती.

निकालात गर्भाचं वय दिवसासकट नोंदलं आहे: २६ आठवडे ५ दिवस. शेवटची पाळी कधी, या प्रश्नाला मात्र त्या बाईकडे उत्तर कुठून असणार?