आवाज फाटणे (घरगुती ध्वनिमुद्रण)

घरच्या संगणकावर मुद्रित केलेला आवाज चिरका, तुटक किंवा घुमणारा ऐकू आला की सरसकट ‘आवाज फाटला’ म्हटले जाते. प्रत्यक्षात या नावाखाली क्लिपिंग, तडतड आणि गुणगुण असे तीन वेगळे दोष येतात. एकाचा उपाय दुसऱ्याला लागत नाही. म्हणून सेटिंग्ज चाळण्याआधी मुद्रणाची तरंगाकृती मोठी करून पाहावी.

क्लिपिंगमध्ये तरंगांचे शेंडे कापल्यासारखे सपाट दिसतात. अंकीय मुद्रणाची कमाल पातळी ० डेसिबल; त्यावरचे काहीच नोंदले जात नाही. शेंडे ० ला टेकून सपाट असतील तर गेन (येणारा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) जास्त आहे. मात्र ते उणे ६ किंवा उणे १० लाच सपाट झाले असतील तर आवाज आधीच, म्हणजे कॅसेट डेकमध्ये वा माइकच्या प्रवर्धकात (अॅम्प्लिफायरमध्ये) फाटला आणि पुढे लेव्हल कमी झाली. तिथे सॉफ्टवेअरचा स्लायडर ओढून काही साधत नाही. जुन्या नाट्यगीतांच्या कॅसेट संगणकावर उतरवताना हमखास हेच घडते. माइककडून येतात काही मिलिव्होल्ट, तर डेकच्या लाइन-आउटमधून सुमारे ०.३ व्होल्ट. डेकच्या केबलची पिन गुलाबी माइक-जॅकमध्ये गेली आणि ‘मायक्रोफोन बूस्ट’ २० डेसिबलवर (म्हणजे दहापट) असला, तर आवाज फाटणारच. डेस्कटॉपवर निळा (लाइन-इन) जॅक वापरावा. लॅपटॉपला बहुधा तो नसतो आणि त्याचा माइक-जॅक मोनो असतो. मग यूएसबी साउंड कार्ड लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ते घेताना ‘स्टीरिओ लाइन-इन आहे का’ हे विचारून घ्यावे, स्वस्त कार्डांना बहुतेक फक्त माइकचा जॅक असतो.

गाताना सर्वांत चढ्या जागेवर मीटर उणे १२ ते उणे ६ दरम्यान राहावा. तबल्याच्या चाटीसाठी आणखी जागा ठेवावी. कापलेले शेंडे परत येत नाहीत; दुरुस्तीचे फिल्टर अंदाजाने भरणा करतात, इतकेच.

तडतडीत तरंग मध्येच तुटलेला दिसतो. संगणक वेळेत बफर (आलेला आवाज क्षणभर साठवणारी जागा) रिकामा करू शकत नाही. ४४,१०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके नमुने घेताना, १२८ नमुन्यांचा बफर जेमतेम ३ मिलिसेकंदांचा. तो ५१२ किंवा १,०२४ करावा, यूएसबी हब टाळावा, पॉवर सेव्हर बंद करावा. विंडोज ४८,००० वर आणि सॉफ्टवेअर ४४,१०० वर असेल तर दोन्ही सारखे करावेत. पिन फिरवताच तडतड बदलली तर मात्र दोष बफरचा नाही. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत जॅकचे संपर्क काळे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसावेत.

गुणगुण ५० हर्ट्झ व तिच्या पटींची असते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. ती थांबली तर दोष वीजपुरवठ्याकडून, बहुधा अर्थिंगच्या वेटोळ्यातून (दोन उपकरणांच्या अर्थिंग व केबलीतून बनलेल्या बंद वाटेतून) येतो. डेक आणि संगणक एकाच बोर्डावर जोडावेत. तरीही राहिली तर मधल्या ऑडिओ केबलीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट तारजोड न ठेवता आवाज पुढे देणारा) घालावा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. तो जिवावर बेतू शकतो. जुन्या चाळींत सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नसण्याची शक्यता असते, ते वायरमनकडून तपासून घ्यावे.

तरंगाकृती स्वच्छ असूनही तानपुरा मध्येच बुडत असेल, तर विंडोजचे ‘नॉइज सप्रेशन’ बंद करावे. सलग चालणाऱ्या सुराला ते पंख्याची घरघर समजते.