‘मॉन्सून वेडिंग’ची पार्श्वभूमी: मांडवामागची माणसं

दारातली झेंडूची कमान निखळत चालली आहे, फुलं खाली गळताहेत आणि वधूपिता ललित वर्मा मांडववाल्या दुबेच्या नावाने शिरा ताणून ओरडतो आहे. मीरा नायर यांचा ‘मॉन्सून वेडिंग’ (२००१) सुरू होतो तो असा. दिल्लीतलं पंजाबी कार्यघर, लग्नाला चार दिवस उरलेले, ह्यूस्टनचा नवरा मुलगा, देशोदेशीहून उतरणारे पाहुणे आणि डोक्यावर भरून आलेलं आभाळ. कॅमेरा जणू घरातल्याच कुणाच्या तरी हातात आहे असं वाटतं, म्हणून हा चित्रपट ‘सहज घडलेला’ म्हणून ओळखला जातो. त्या सहजपणामागची तयारी मात्र काटेकोर होती आणि तिचं श्रेय एकट्या दिग्दर्शिकेचं नाही.

आधी हिशेब बघू. ६८ कलाकार, १४८ प्रसंग आणि चित्रीकरणाचे ३० दिवस. म्हणजे रोज सरासरी पाच प्रसंग, तेही एका चौकटीत आठ-दहा माणसं घेऊन. दोन माणसांच्या संभाषणात एक चुकला तर एकालाच पुन्हा बोलायला लावायचं असतं. दहा माणसांच्या जेवणाच्या प्रसंगात एकाने वाटी चुकीच्या हाताने उचलली तरी सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, ताटं पुन्हा वाढावी लागतात. एवढ्या दिवसांत हे बसवायचं तर माणसं सेटवर येण्याआधीच एकमेकांची झालेली हवीत.

ती करून घेण्याची रीत नायर मुंबईत शिकल्या होत्या. ‘सलाम बॉम्बे’च्या (१९८८) वेळी रस्त्यावरच्या मुलांना घेऊन रंगकर्मी बॅरी जॉन यांनी आधी कार्यशाळा घेतली. त्यात तयार झालेली मुलं नाना पाटेकर आणि रघुवीर यादव यांच्यासारख्या नटांसमोर उभी राहिली आणि कुठेही उपरी वाटली नाहीत. त्या चित्रपटाला कान महोत्सवात ‘कॅमेरा दोर’ हा पदार्पणाच्या चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. ‘मॉन्सून वेडिंग’मध्ये हेच काम नसीरुद्दीन शाह यांच्याकडे आलं. ललित वर्माची भूमिका तर त्यांची होतीच, शिवाय चित्रीकरणाआधी कलाकारांची कार्यशाळाही त्यांनी घेतली. मुरलेले नट, रंगभूमीवरचे नवखे आणि कॅमेऱ्यासमोर कधीच न आलेले नातेवाईक यांची अशा मांडवात सरमिसळ होते, तेव्हा पहिली अडचण आवाजाच्या पट्टीची असते. रंगमंचावरचा मोठ्याने बोलतो, घरचा माणूस पुटपुटतो. तालमीत ही पट्टी जुळली नाही तर पुढे संकलक काहीही करू शकत नाही.

संहिता सब्रिना धवन यांची. नायर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होत्या आणि धवन तिथे चित्रपटकलेच्या विद्यार्थिनी. कथेत पाच धागे आहेत. नवरी अदितीचं विवाहित दूरचित्रवाणी निवेदकाशी असलेलं प्रकरण, ललित आणि पिम्मी यांचा थकलेला संसार, दुबे आणि मोलकरीण अॅलिस यांचं प्रेम, तरुण पाहुण्यांची नजरानजर, आणि चुलत बहीण रियाला लहानपणी घरच्याच प्रतिष्ठित माणसाकडून झालेला लैंगिक छळ. हा शेवटचा धागा विनोदी चित्रपटात घालणं मोठं धाडसाचं होतं. विनोदाच्या ओघात तो उगवला असता तर सगळा डोलारा कोसळला असता. म्हणून त्याची चाहूल सुरुवातीपासून थोडी थोडी दिली आहे. रिया त्या माणसासमोर का अवघडते, घरातल्या लहान मुलीवर तिची नजर का असते, हे प्रेक्षक आधी नुसतं टिपून ठेवतो. माझ्या मते या चित्रपटाची खरी कारागिरी इथे आहे.

लग्नात माणसांची गर्दी करून त्यातून विनोद काढायची वाट आधी अमेरिकी दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांनी मळून ठेवली होती. ‘नॅशव्हिल’मध्ये (१९७५) त्यांनी २४ पात्रं वापरली आणि ‘अ वेडिंग’मध्ये (१९७८) मुद्दाम त्याच्या दुप्पट, ४८. इतकी माणसं एकाच वेळी बोलतात तेव्हा एका मायक्रोफोनवर नुसता कोलाहल उतरतो. म्हणून ऑल्टमन यांचे ध्वनितंत्रज्ञ प्रत्येकाच्या कपड्यांत वेगळा बिनतारी माइक लावून आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेत आणि कुणाचा वर आणायचा ते नंतर ठरवत. ‘मॉन्सून वेडिंग’मधली माणसंही एका वाक्यात इंग्रजी, हिंदी आणि पंजाबी बोलतात, दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडतात. असं बोलणं डबिंगच्या खोलीत ओठांबरहुकूम पुन्हा उभं करणं जवळजवळ अशक्य. ते जागेवरच पकडावं लागतं.

कलाकार जमवण्याचं काम लवलीन टंडन यांच्याकडे होतं. वधूची आई पिम्मी झालेल्या लिलेट दुबे मूळच्या पुण्यात जन्मलेल्या, आणि लग्नाआधीच्या ‘संगीत’ समारंभाच्या रात्री नाचणारी आयेशा म्हणजे त्यांचीच मुलगी नेहा. वधूचा भाऊ वरुण झालेला ईशान हा नायर यांचा भाचा. अदिती झालेल्या वसुंधरा दास गायिकाही होत्या. रणदीप हुडा यांचा हा पहिला चित्रपट. कुलभूषण खरबंदा, रजत कपूर, रोशन सेठ, सोनी राझदान हे जाणते लोक भोवती होते आणि रियाच्या भूमिकेत शेफाली शेट्टी (आताच्या शेफाली शाह) होत्या. विजय राज यांचं नाव नसीरुद्दीन शाह यांनी सुचवलं. दिल्लीच्या रंगभूमीवर त्यांनी हा नट पाहिला होता. विजय राज यांचा दुबे कानाला मोबाइल लावून फिरतो, झेंडूची फुलं खातो आणि पांढरा मांडव उभारतो. पांढरा म्हणजे सुतकाचा रंग, म्हणून यजमान भडकतो, तर दुबे ही नवी फॅशन असल्याचं ठासून सांगतो. मांडवात काम केलेल्या कुणालाही हा संवाद ओळखीचा वाटेल.

छायाचित्रणकार डेक्लन क्विन यांनी सुपर १६ मिलिमीटर फिल्म वापरली. ‘लीव्हिंग लास व्हेगस’ (१९९५) त्यांनी याच फिल्मवर केला होता आणि ‘कामसूत्र’च्या (१९९६) वेळी नायर यांच्याबरोबर कामही झालं होतं. निवड स्वस्ताईसाठी होतीच, पण तेवढ्यासाठीच नव्हती. ४०० फुटांचं रीळ ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात साडेचार मिनिटांत संपतं, तर १६ मिलिमीटरमध्ये तेवढंच रीळ ११ मिनिटं चालतं. गर्दीच्या प्रसंगात नट रंगात आले की मध्येच रीळ बदलायला थांबावं लागत नाही. कॅमेरा हलका, त्यामुळे तो खांद्यावर घेऊन माणसांच्या मधून फिरता येतं, ट्रॉलीचे रूळ टाकायचा वेळ वाचतो. किंमत मोजावी लागते ती पुढे. निगेटिव्हची चौकट लहान असल्याने चित्रपटगृहासाठी ती ३५ मिलिमीटरवर मोठी करताना फिल्मचे दाणे उठून दिसतात, आणि रात्रीचा प्रसंग कमी उजेडात घेतला असेल तर काळोख दुधाळ होतो.

या चित्रपटावर आलेलं मोठं संकट निगेटिव्हचंच. चित्रित झालेल्या फिल्मचा काही भाग विमानतळावरच्या क्ष-किरणांनी खराब झाला. डेव्हलप न झालेली फिल्म प्रकाशासारखीच क्ष-किरणांनीही उजळते. ती जितकी जास्त संवेदनशील, तितका धोका अधिक. सामानाच्या यंत्रातले किरण हातातल्या पिशव्या तपासणाऱ्या यंत्रापेक्षा कितीतरी तीव्र असतात. निगेटिव्हवर धुकं चढतं, काळा रंग करडा होतो आणि नंतर कितीही रंगसुधारणा केली तरी गेलेला तपशील परत येत नाही. वाईट म्हणजे हे कळतं ते प्रयोगशाळेतून फिल्म धुऊन आल्यावर, तोवर नट आपापल्या गावी गेलेले असतात. गेलेले प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले. अशा गर्दीच्या चित्रपटात पुनर्चित्रण म्हणजे प्रत्येकाच्या तारखा, तोच मांडव, तेच दागिने, तीच केशरचना आणि त्याच अवस्थेतली फुलं पुन्हा जमवणं. झेंडू दुसऱ्या दिवशी कोमेजतो, त्यामुळे माळा रोज ताज्या लागतात.

पैसा मोजकाच होता. म्हणून नायर यांच्या नातलगांच्या घरच्या साड्या, दागिने, चित्रं आणि लाकडी सामान पडद्यावर आलं. कलादिग्दर्शिका स्टेफनी कॅरल आणि वेशभूषाकार अर्जुन भसीन यांनी त्यात आपली भर घातली. याचा फायदा डोळ्यांना दिसतो. भाड्याच्या साड्या एकसारख्या नव्या दिसतात, पण इथे काकूची साडी वापरून मऊ झालेली आहे. संकलन अॅलिसन जॉन्सन यांचं, संगीत मायकेल डॅना यांचं. श्रेयनामावलीवर वाजणाऱ्या त्यांच्या सुरावटीत वरातीच्या बँडचा पितळी आवाज आहे, आणि तिच्या सोबतीला जुनी हिंदी गाणी व सुखविंदर सिंग यांचं पंजाबी गाणं येतं.

सप्टेंबर २००१ मध्ये व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णसिंह हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. भारतीय दिग्दर्शकाला तो याआधी १९५७ साली ‘अपराजितो’साठी सत्यजित राय यांच्या रूपाने मिळाला होता. पुढे गोल्डन ग्लोब आणि बाफ्टाची नामांकनंही आली. डेक्लन क्विन यांनी खांद्यावरच्या कॅमेऱ्याने आणखी एक लग्न टिपलं, ते २००८ च्या ‘रेचेल गेटिंग मॅरीड’मध्ये. नायर यांनी याच कथेचं संगीत नाटक केलं आणि ते २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली इथे रंगमंचावर आलं.

अॅलिस झालेल्या तिलोत्तमा शोम तेव्हा कॅमेऱ्यासमोर नवख्या होत्या. त्यांच्या वाट्याला शब्द थोडेच आहेत. मालकिणीचे दागिने अंगावर घालून आरशात बघण्याचा त्यांचा प्रसंग तर निःशब्दच आहे, आणि तो खिडकीतून पाहणारे मजूर तिला चोर समजतात. सतरा वर्षांनी रोहेना गेरा यांच्या ‘सर’मध्ये (२०१८) त्या पुन्हा मोलकरीण झाल्या, पण या वेळी चित्रपटाच्या केंद्रस्थानी. मुंबईत काम करणारी, शिवणकाम शिकू पाहणारी, महाराष्ट्रातल्या खेड्यातली विधवा रत्ना. गीतांजली कुलकर्णी यांच्याबरोबर जिन्यात बसून ती मराठीत बोलते.