दिवाळखोरी न्यायाधीशाचा निकाल अखेरचा का ठरत नाही?

अमेरिकेच्या राज्यघटनेतले तिसरे कलम न्यायसत्तेचे आहे. ही सत्ता ज्यांच्या हाती, ते न्यायाधीश वर्तणूक चांगली असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तहहयात, पदावर राहतील आणि त्यांचा पगार कमी करता येणार नाही, अशी हमी त्यात आहे. त्यामागे जुना राग होता. राजाने न्यायाधीशांची पदे आणि पगार स्वतःच्या मर्जीवर टांगून ठेवले, ही तक्रार १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातच नोंदलेली आहे. दिवाळखोरी न्यायाधीशांना मात्र या दोन्हींपैकी एकही हमी नाही. त्यांची नेमणूक १४ वर्षांची आणि पगार काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, हातात. पुढचा बहुतेक घोळ याच काटकसरीतून निघाला.

१८९८ च्या कायद्याखाली ही कामे 'रेफ्री' पाहत. ते संघीय जिल्हा न्यायालयाचे, म्हणजे तहहयात न्यायाधीशांच्या न्यायालयाचे, दुय्यम अधिकारी. दिवाळखोराची जी मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात असेल तिचा निवाडा ते करत. तिऱ्हाइताकडून येणे वसूल करायचे तर, तो राजी नसल्यास, नेहमीच्या न्यायालयात दावा लावावा लागे. मग ताबा कोणाचा, यावरच वकिलांची भांडणे चालत.

हा खोळंबा संपवायला १९७८ चा कायदा आला. दिवाळखोरीशी संबंध असलेला कुठलाही दावा एकाच छपराखाली चालावा, ही कल्पना. एवढे अधिकार द्यायचे तर न्यायाधीशही तिसऱ्या कलमाचेच हवेत, असे प्रतिनिधिगृहाचे म्हणणे होते. सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांच्यासह बऱ्याच न्यायाधीशांना ते रुचले नाही. तहहयात न्यायाधीशांची संख्या एवढी वाढली तर पदाचे वजन घटेल, ही धास्ती. सेनेटनेही विरोध केला. अखेर तडजोड झाली: अधिकार भरपूर, मुदत १४ वर्षे.

ही तडजोड चार वर्षे टिकली. नॉर्दर्न पाइपलाइन या कंपनीने १९८० मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली पुनर्रचनेचा अर्ज केला आणि मॅरेथॉन पाइपलाइनवर करारभंगाचा दावा तिथेच लावला. मॅरेथॉनचा मुद्दा साधा होता: आमचा यांच्या दिवाळखोरीशी संबंध काय? राज्याच्या कायद्यावरचा हा दावा तहहयात नसलेल्या न्यायाधीशाने का चालवावा? जून १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. न्यायाधीश ब्रेनन यांच्या मुख्य मतामागे ते स्वतः धरून चारच न्यायाधीश होते, आणखी दोघांनी निकालापुरती साथ दिली. त्यामुळे नेमका नियम काय ठरला, हे धूसरच राहिले. कायदा सुधारायला काँग्रेसला आधी ऑक्टोबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत मुदत दिली गेली. काँग्रेस हलली नाही. तात्पुरत्या नियमांवर कारभार चालला आणि नवा कायदा उगवला जुलै १९८४ मध्ये.

तहहयात नेमणुका त्यातही नव्हत्याच. फक्त कामाची वाटणी झाली. 'कोअर' म्हणजे दिवाळखोरीच्या गाभ्यातल्या बाबींत न्यायाधीशाने अंतिम निकाल द्यावा. बाकीच्यांत, पक्षकारांची संमती नसेल तर, निष्कर्ष सुचवून जिल्हा न्यायालयाकडे पाठवावे. गाभ्याच्या यादीत एक ओळ होती: मालमत्तेवर हक्क सांगणाऱ्याविरुद्धचा प्रतिदावा.

याच ओळीवर मॉडेल ॲना निकोल स्मिथचे प्रकरण अडकले. व्हिकी लिन मार्शल हे तिचे कायदेशीर नाव. टेक्सासचे अब्जाधीश जे. हॉवर्ड मार्शल यांच्याशी तिने १९९४ मध्ये लग्न केले. ते ८९ वर्षांचे, ती २६ ची. पुढच्या वर्षी ते गेले, मृत्युपत्रात तिच्या नावे काही नव्हते. १९९६ मध्ये तिने कॅलिफोर्नियात दिवाळखोरीचा अर्ज केला. सावत्र मुलगा पिअर्स याने बदनामीच्या भरपाईची मागणी त्यात घुसवली. तिने उलट प्रतिदावा ठोकला की नवरा देणार होता ती देणगी यानेच अडवली. दिवाळखोरी न्यायालयाने २००० मध्ये तिला ४० कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. २००१ मध्ये टेक्सासच्या ज्यूरीने पिअर्सच्या बाजूने कौल दिला. २००२ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने नव्याने तपासून तिला ८.८ कोटी डॉलर मंजूर केले. आता सगळा पैसा तारखांवर लटकला, कारण एकाच वादात आधीचा अंतिम निकाल पुढच्या न्यायालयाला बांधून ठेवतो. २००० चा निकाल अंतिम असेल तर ती जिंकली. नसेल तर टेक्सासचा निकाल आधीचा, म्हणून पिअर्स.

जून २०११ मध्ये, ५ विरुद्ध ४ मतांनी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याने अधिकार दिला होता, पण राज्यघटना तो देऊ देत नाही. तोवर दोघेही पक्षकार हयात नव्हते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालाची व्याप्ती अरुंद असल्याचे म्हटले. विरोधी मत देणाऱ्या ब्रेयर यांनी आकडे मांडले: वर्षाला दिवाळखोरीचे सुमारे १६ लाख अर्ज, तर जिल्हा न्यायालयांत दिवाणी दावे २ लाख ८० हजारांच्या आसपास. प्रतिदावे दोन न्यायालयांत फिरू लागले तर कर्जदार आणि धनको दोघेही पिचतील, हे त्यांचे म्हणणे मला जास्त पटते.

नंतरच्या निकालांनी धार बोथट केली. २०१४ मध्ये ठरले की अशा दाव्यांत दिवाळखोरी न्यायाधीशाने निष्कर्ष सुचवावेत आणि जिल्हा न्यायालयाने ते मुळापासून तपासावेत. २०१५ मध्ये वेलनेस इंटरनॅशनल प्रकरणात बहुमताने संमती पुरेशी मानली. ती जाणूनबुजून, स्वखुशीने दिलेली हवी, मात्र शब्दांत दिलेली नसली तरी चालेल. रॉबर्ट्स यांचा इथे कडक विरोध होता: दोन पक्षकारांच्या होकाराने राज्यघटनेतली सत्तेची वाटणी बदलत नाही. तरी बहुमताचीच वाट रूढ झाली, आणि डिसेंबर २०१६ पासूनच्या नियमांनुसार अशा दाव्यात दोन्ही बाजूंना आपल्या लेखी निवेदनातच सांगावे लागते, की दिवाळखोरी न्यायाधीशाचा अंतिम आदेश त्यांना मान्य आहे की नाही.