आईबाबांसाठी अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि सिव्हिक्सची परीक्षा

मुलांनी ग्रीन कार्ड करून दिलं की साधारण पाच वर्षांनी घरात नागरिकत्वाचा विषय निघतो. अर्जाचा फॉर्म एन-४००, तो यूएससीआयएसकडे, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशन पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याकडे, भरायचा. वय किमान १८, ग्रीन कार्डवर ५ वर्षं आणि सध्याच्या राज्यात निदान ३ महिने मुक्काम, एवढं हवं. पाच वर्षं पुरी व्हायच्या ९० दिवस आधीपासून अर्ज घेतात. ऑनलाइन फी ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. भरायच्या दिवशी ती संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या.

आपल्या लोकांचं अडतं ते मुक्कामावर. थंडी सुरू झाली की आईबाबा पुण्याला किंवा नाशिकला जातात आणि आंबे संपल्यावर परततात. इथे दोन वेगळे हिशोब लागतात. पाच वर्षांत एकूण ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. शिवाय सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात, तर वास्तव्य खंडित झालं असं धरतात. तसं झालं नाही हे घर, टॅक्स, कुटुंब यांच्या कागदांवरून तुम्हाला दाखवावं लागतं. सलग वर्षभर बाहेर राहिलं तर खंड पडलाच. म्हणून परतीचं तिकीट काढतानाच दिवस मोजा.

ग्रीन कार्डच्या दोन्ही बाजूंची प्रत जोडा. पाच वर्षांतल्या परदेश प्रवासाच्या सगळ्या तारखा लिहाव्या लागतात, त्यासाठी जुने पासपोर्ट जपून ठेवा. टॅक्सचे ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या टॅक्सचे सरकारी उतारे) मुलाखतीला जवळ असू द्या. कोर्टाचं काही प्रकरण झालं असेल, तर निकालाची प्रमाणित प्रत लागेलच. आईचं माहेरचं नाव, कागदोपत्री आलेली दुसरी स्पेलिंगं, सगळी ‘इतर नावं’ या रकान्यात भरा. मराठी दाखल्यांसोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं प्रमाणपत्र द्यायचं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का? लायसन्स काढताना मतदार नोंदणीबद्दल विचारतात आणि न कळून ‘हो’ म्हटलं जातं. ग्रीन कार्डवर मतदानाचा हक्क नाही. ही चूक नागरिकत्व अडवते, कधी देशाबाहेर जाण्याची वेळ आणते. आईबाबांना हे आधीच समजावून सांगा.

बोटांचे ठसे झाले की मुलाखत. तीत इंग्रजी बोलणं, एक वाक्य वाचणं, एक लिहिणं आणि सिव्हिक्स, म्हणजे अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यायला हवेत. नुसत्या वयावर सूट मिळत नाही. वय ५० आणि ग्रीन कार्डची २० वर्षं, किंवा ५५ आणि १५ वर्षं असतील, तर इंग्रजी माफ होतं आणि सिव्हिक्स दुभाष्यामार्फत मराठीत देता येतं. उशिरा आलेल्या आईबाबांना हे सहसा लागू होत नाही, त्यामुळे तयारी वर्षभर आधी सुरू करावी. नापास झालं तर राहिलेल्या भागाची आणखी एक संधी मिळते.

पाठांतरापेक्षा शब्द कळणं महत्त्वाचं, कारण आपले अर्थ आड येतात. गव्हर्नर म्हटलं की राजभवनातले राज्यपाल आठवतात. इथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला, कामाने मुख्यमंत्र्यासारखा. सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे सचिव नव्हे, परराष्ट्रमंत्री. सिनेटला राज्यसभा समजू नका: राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आणि गोव्याची १, पण सिनेटमध्ये कॅलिफोर्निया असो की वायोमिंग, प्रत्येकी २. म्हणून एकूण १००, मुदत सहा वर्षं. लोकसंख्येप्रमाणे जागा हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहात: ४३५, मुदत दोन वर्षं. राष्ट्राध्यक्ष संसदेच्या बहुमतावर टिकून नसतो, त्यामुळे अविश्वास ठराव नाही; हटवायचं तर महाभियोग. असं आपल्याकडच्या व्यवस्थेशी ताडून सांगितलं की लक्षात राहतं.

शेवटी शपथविधी. तिथे ग्रीन कार्ड परत करून नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. त्या क्षणी १९५५ च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपतं; भारतीय पासपोर्टवर नंतर प्रवास करू नका, तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या आणि मग ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड) अर्ज करा. ओसीआयवर भारतात मतदान नाही, शेतजमीन विकतही घेता येत नाही. गावाकडे शेत घ्यायचा बाबांचा विचार असेल, तर एन-४०० भरण्याआधीच त्यावर घरात बोलून घ्या.