बंद पाकिटातला कॉपीराइट

प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: हस्तलिखित स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवा, पाकीट फोडू नका, झाला कॉपीराइट.

हक्क मिळायला पाकीट लागतच नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकूर लिहून झाला की हक्क लेखकाचा, हयातभर आणि पुढे ६० वर्षं. टोपणनावाने छापलं आणि खरं नाव उघड झालंच नाही, तर प्रकाशनापासून ६० वर्षं.

पुरावा म्हणूनही पाकीट लंगडंच. उघडं पाकीट पाठवून कागद मागाहून भरता येतात. शिक्का सांगतो ती पाकिटाची तारीख, आतल्या मजकुराची नाही. त्यात मालवण-वेंगुर्ल्याचा पावसाळा. आषाढातल्या दमट हवेत डिंक आपोआप सुटतो, मग ‘फोडलं नव्हतं’ हे पटवायचं कसं?

भक्कम आधार हवा तर नोंदणी करा. ती ऐच्छिक आहे: फॉर्म १४, साहित्यकृतीसाठी ५०० रुपये, हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. कलम ४८ प्रमाणे ही नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते, म्हणजे कुणी उलट सिद्ध करेपर्यंत ती खरी धरली जाते. कच्चे खर्डे आणि प्रकाशकाशी झालेले ईमेलही जपून ठेवा.

खलाशाच्या प्रेमात पडलेली देवगडची मुलगी ही नुसती कल्पना मात्र कुणाच्याच मालकीची नसते. संरक्षण मिळतं ते तुमच्या मांडणीला. पडताळायचं असेल तर कलम १३, २२ आणि २३ वाचा. कायदा ऑनलाइन फुकट मिळतो.