अध्ययन अक्षम मुलांसाठी विशेष शिक्षक व्हायचे असल्यास : पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

डिस्लेक्सिया (वाचनातील अडचण), डिसग्राफिया (लेखनातील अडचण) किंवा डिस्कॅल्क्युलिया (गणितातील अडचण) असलेल्या मुलांना शिकवण्याचे काम करू इच्छिणाऱ्यांनी अभ्यासक्रम निवडण्यापूर्वीच हे जाणून घ्यावे की, या क्षेत्रात नोंदणीला पदवीइतकेच महत्त्व आहे. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, 1992 नुसार परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही; तसे केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विशेष शिक्षकही याच कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणून काही आठवड्यांत ‘रेमेडियल टीचर’ करून देण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. अशा प्रमाणपत्रावर नोंदणी मिळत नाही आणि त्यात गेलेले पैसे व वेळ दोन्ही वाया जातात.

बारावीनंतर या क्षेत्रात यायचे असल्यास विशेष शिक्षणातील दोन वर्षांचा डी.एड. हा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यासाठी कोणत्याही शाखेतून बारावीला किमान 50 टक्के गुण आवश्यक असतात. पदवीधरांसाठी बी.एड. (विशेष शिक्षण) असून तेथेही पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत साधारणतः 50 टक्क्यांची अट असते. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. बी.एड.च्या कालावधीबाबतचे धोरण अलीकडे बदलत असल्यामुळे प्रवेशाच्या वर्षाचे परिषदेचे परिपत्रक वाचूनच निर्णय घ्यावा.

परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक अभ्यासक्रमासाठी, ठरावीक जागांसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी असते. एकाच महाविद्यालयात श्रवणदोषाच्या अभ्यासक्रमाला मान्यता असेल आणि अध्ययन अक्षमतेच्या अभ्यासक्रमाला नसेल, असे होऊ शकते. शुल्क भरण्यापूर्वी मान्यतापत्राची प्रत मागून अभ्यासक्रमाचे नाव आणि शैक्षणिक वर्ष स्वतः वाचावे. ही प्रत दाखवण्यास टाळाटाळ होत असेल, तर तेथे प्रवेश घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रशिक्षणाचा खरा कस प्रत्यक्ष कामात लागतो. तोंडी उत्तरे चटकन देणारा चौथीतला मुलगा वहीत ‘घर’ऐवजी ‘धर’ लिहितो, काना-वेलांट्या गाळतो, फळ्यावरचे उतरवताना मधली ओळच सोडतो. त्याच्या चुका नोंदवून त्यांतील सातत्य ओळखणे आणि त्यावरून वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करणे हे विशेष शिक्षकाचे काम. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मात्र तो एकटा देत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून प्रमाणपत्राची प्रक्रिया डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यासह अधिकृत वैद्यकीय यंत्रणेमार्फत होते.

अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणीसाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. त्यासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचे प्रमाणपत्र, बारावी व पदवीच्या गुणपत्रिका, विशेष शिक्षणाच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका व उत्तीर्ण प्रमाणपत्र, ओळखपत्र, छायाचित्र आणि स्वाक्षरी तयार ठेवावी. आपल्याकडे विवाहानंतर अनेक मुलींचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. अशा वेळी दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि आधारवर दुसरे असल्यास अर्ज अडकण्याची शक्यता असते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र आधीच मिळवून ठेवल्यास ही धावपळ टळते.

शाळेतील नोकरीसाठी केवळ नोंदणी पुरेशी असतेच असे नाही. पहिली ते आठवीच्या शिक्षकपदासाठी शिक्षक पात्रता परीक्षेची अटही लागू होते, त्यामुळे भरतीच्या जाहिरातीतील अर्हता बारकाईने तपासावी. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मधील निर्णयात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले; त्यानंतर 2022 मध्ये केंद्राने विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर 10 विद्यार्थ्यांमागे आणि त्यापुढील स्तरावर 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण अधिसूचित केले. सर्वसाधारण शाळांतील पदे भरण्याची मागणी त्यामुळे अधिक भक्कम पायावर उभी राहिली आहे आणि ती पदे खरोखर भरली जाणे मुलांसाठी अत्यंत निकडीचे आहे.

नोंदणी कायमची नसते. ती मुदतीत नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळा व परिसंवादांना उपस्थित राहून गुण जमवावे लागतात. उपस्थितीचे प्रत्येक प्रमाणपत्र मिळताच स्कॅन करून ठेवावे.